पुलापलीकडच्या बाया

सिस्टरच्या मनात एक खोली घर करून बसली होती. खोली काही राजवाड्यातली नव्हती. मोठ्या इस्पितळाच्या मागल्या अंगाला, पंखा कुरकुरतोय, फळ्यावर कुणाचं तरी अर्धंमुर्धं पुसलेलं गणित आणि खुर्च्या गोल मांडलेल्या. छोट्या आरोग्य केंद्रांतल्या माणसांनी आपल्या कामातलंच संशोधन कसं करावं, ते लिहून मासिकात छापून कसं आणावं, याचं प्रशिक्षण तिथं होतं. जायचं खरं सिस्टरच्या केंद्रातल्या डॉक्टरांनी. पण ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच जा. तेवढाच आराम."

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडं बाळंतिणी घरी गेल्या की बाळाला वरचं दूध फार लवकर सुरू होतं म्हणता. का होत असेल? तुम्हाला काय वाटतं?"

सिस्टरनं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

इतकी वर्षं नोकरी झाली, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. सिस्टर, सुई द्या. सिस्टर, पुढचा पेशंट. सिस्टर, चहाचं काय झालं. वाटण्याचं खातं तिच्याकडं कधी नव्हतंच. पण जीभ एकदा सुटली ती सुटलीच. बाळ रडलं की आईला वाटतं आपल्याला दूधच नाही, तोवर घरातली म्हातारी बाटली उकळून तयार असते. त्याच आठवड्यात कुणी घरी जाऊन बाळ अंगाशी कसं धरायचं ते नीट दाखवलं, तर बाटली कपाटातच राहील.

"हे तुम्हाला वाटतं," मॅडम म्हणाल्या. "खरं आहे का, बघायचं?"

बघायचं ठरलं. गावाच्या मधून नदी, नदीवर पूल. पुलाच्या अलीकडच्या, म्हणजे केंद्राच्या बाजूच्या, बाळंतिणींना सिस्टर घरी जाऊन भेटणार. पलीकडच्यांचं जसं चालतं तसंच चालू ठेवायचं. त्यांनी नेहमीसारखं केंद्रात यावं. मग दोन्हीकडच्या आयांना विचारायचं, वरचं दूध कधी सुरू केलंत, आणि ताडून बघायचं. लेख झाला की नाव पहिलं सिस्टरचं, मॅडमचं शेवटी.

त्या नावापाशी सिस्टरचा जीव अडकला. तिचं नाव छापून आलं होतं ते एकदाच, लग्नपत्रिकेवर. तेही चुकलेलं.

केंद्रावर परत आली तर डॉक्टरांना नवा विषयच मिळाला. "या शास्त्रज्ञबाई. आता आम्हाला तुमची वेळ घेऊन यावं लागणार." सिस्टर हसून गॉज कापत राही. पण ड्यूटी संपल्यावर पांढऱ्या कोटानिशी, फॉर्मची फाइल काखेत मारून अलीकडच्या गल्ल्या पालथ्या घाली. ऊन म्हटलं नाही, टाचेचं दुखणं म्हटलं नाही. बाळ रडत असलं की दाराबाहेरूनच तिला कळे, हे भुकेचं आहे की नुसतंच नखऱ्याचं. चालता चालता ती मॅडमशी मनात बोले. मॅडम विचारत, ही सांगे. एकदा रस्त्यातच मोठ्यानं बोलली, तर किराणावाला म्हणाला, "कुणाला सांगताय, सिस्टर?" काय सांगणार? की मला विचारणारं माणूस लांब राहतं म्हणून?

वर्ष सरलं. सगळे फॉर्म मॅडमकडं गेले. मग एका दुपारी फोन आला. सिस्टर घरी होती, सासूबाई समोर पालेभाजी निवडत बसलेल्या.

"दोन्हीकडचं सारखंच आलंय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या भेटींनी काही फरक पडला नाही, असंच दिसतं."

सिस्टरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "असं कसं होईल?"

"गंमत म्हणजे पलीकडचं पूर्वी इतकं चांगलं नव्हतं. तिकडं यंदा काय झालं असेल?"

"मी तर पलीकडं पाऊलसुद्धा टाकलं नाही, मॅडम. तुम्ही सांगितलं होतं ना."

विचार करते म्हणून मॅडमनी फोन ठेवला. सासूबाईंनी देठ मोडता मोडता विचारलं, "पाऊल टाकलं नाही म्हणे. मग हे आपलं घर पुलापलीकडं नाही तर काय झाडावर आहे?"

"तसं नाही हो आई. भेट द्यायला गेले नाही, असं म्हणत होते."

"परवा कोथिंबीर आणायला गेलीस ती दिवेलागणीला उगवलीस. शिंप्याच्या सुनेच्या पायरीवर बसली होतीस, तिचं पोर मांडीवर घेऊन. त्याच्या आधी त्या गवंड्याच्या पोरीकडं. आमची भाजी कधी वेळेवर आली आहे का वर्षभरात?"

"ती भेट नव्हे. मी घरच्या कपड्यांत होते. हातात फॉर्मही नव्हता."

"बाळाला काय कळतंय तुझे कपडे?"

 पलीकडच्या बाया ओळीनं सिस्टरच्या डोळ्यापुढं आल्या. अहो ताई, जरा बघता का, रडायचं थांबेना. आणि ती थांबलेली, पिशवी खाली ठेवून, आईचा हात धरून, असं नाही गं, मान इथं ठेव. पुलाअलीकडं ती घरोघर जाऊन दाखवते हे कानावर गेल्यापासून हाका वाढलेल्या, वर्षभर हेच. कोट उतरवला की काम संपलं, उरते ती शेजारधर्माची गोष्ट, अशी तिची साधी समजूत. ते मोजायचं असतं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बोलावं की गिळावं? गिळलं तर लेख छापून येणार, वर तिचं नाव. आणि खाली लिहिलेलं असणार की घरी जाऊन काही उपयोग नाही. कुठल्या तरी परक्या गावात एखादा डॉक्टर ते वाचून तिथल्या सिस्टरला म्हणेल, बसा इथंच, उन्हातान्हात कशाला जाता.

तिनं फोन लावला आणि शिंप्याच्या सुनेपासून सगळं सांगितलं.

मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मग ही तुलना उभी राहत नाही, सिस्टर."

"म्हणजे नाव नाही."

"पुन्हा करता येईल. दुसऱ्या गावाशी तुलना करता आली असती, पण आमचा प्रकल्प या महिन्यात गुंडाळतायत, मला दुसरीकडं जायचंय. इथंच करायचं तर मी तिथूनही फॉर्म बघेन, पण तुम्हाला वर्षभर पलीकडच्या दारांवरून मान खाली घालून जावं लागेल. कुणी हाक मारली तरी. जमेल? तुम्हाला काय वाटतं?"

हाच तो प्रश्न. याच्यासाठी ती वर्षभर झुरली होती, आणि आला तो असा.

"हाक आली की मी थांबणार, मॅडम. ते काही माझ्या हातात नाही."

"मग तेच लिहू. जे झालं ते. कुणी छापेल की नाही, सांगता येत नाही."

दोघींनी मिळून लिहिलं, फोनवर, कांदा चिरता चिरता. पहिल्या मासिकानं गोड शब्दांत परत पाठवलं. मग मॅडमनी नव्या गावाहून दुसरीकडं पाठवलं, आणि पुढं त्यांचे फोन येईनासे झाले. माणसं कामात बुडतात, त्याला कोण काय करणार. टपालवाला केंद्राच्या आवारात शिरला की सिस्टरचा हात आजही सुईवर जरा रेंगाळतो. डॉक्टरांनी ते ओळखलंय. हल्ली ते चेष्टा करत नाहीत. नुसतं म्हणतात, "लाइटबिल आहे, सिस्टर."

परवा संध्याकाळी घरच्या कपड्यांत ती पलीकडच्याच गल्लीतून भाजीला निघाली होती. सुताराच्या दारातून हाक आली. ओली बाळंतीण, बाळ रडून लालबुंद. "ताई, बघा ना, काय झालं असेल हिला?"

सिस्टरनं पिशवी खाली ठेवली. हात सवयीनं पुढं गेले, आणि मधेच थांबले.

"तुला काय वाटतं?"

त्या पोरीनं वळून मागं बघितलं. मागं दार होतं.

"मला?"

"तुलाच विचारतेय," सिस्टर म्हणाली, आणि पायरीवर टेकली. भाजीला आजही उशीरच होणार होता.