भावाजवळची किल्ली

अकोल्याच्या दुकानदाराने काउंटरवर तीन कुलपं मांडली तेव्हा मी किमतीशिवाय काही पाहत नव्हतो. धाकटा भाऊ मात्र प्रत्येक कुलूप उलटंपालटं करत होता. अमरावतीचं आमचं मोटारपंपांचं दुकान तेव्हा दोघांचं होतं. भातकुलीकडच्या शेतांत सायकलवर फिरून, पंप दुरुस्त करत मी ते उभं केलं होतं. तो मागून आला. दुकान घराला लागूनच; तिथली तिजोरी मजबूत होती, फक्त कुलूप झिजलं होतं.

पहिलं कुलूप सहा लिव्हरांचं, म्हणजे आत सहा पट्ट्यांचं, साधं. किल्ली हरवली की कुलूपच फेका. दुसऱ्याची किल्ली बदलता यायची, पण त्यासाठी ते दारातून काढून आतले लिव्हर इकडचे तिकडे करावे लागत. म्हणजे दर वेळी मिस्त्री आला. तिसरं आठ लिव्हरांचं. दार उघडं ठेवून जुनी किल्ली घालायची, कुलपाच्या मागच्या भोकात छोटा पाना फिरवायचा, जुनी काढून नवी घालायची, पाना परत फिरवायचा. कुलूप तेच, किल्ली नवी. बंद करायला किल्लीही नको. दाराचा दांडा खाली केला की आपोआप लागायचं.

"दादा, हेच घेऊ," भाऊ म्हणाला. "उद्या एखादा माणूस काम सोडून गेला तं किल्ली बदलून टाकता येते."

"अन् तिप्पट किंमत कोण देईन? तुया सासरा?"

तासभर घासाघीस केली. शेवटी दुकानदार उतरला, पण बसवून द्यायला माणूस पाठवणार नाही म्हणाला. "तुमचं तुमी पाहा शेट. फक्त एक ध्यानात ठेवा, किल्ली बदलली की दार उघडं असतानाच दहा वेळा चालवून पाहा. मंगच लावा." मी आयुष्यभर पंप जोडलेले, मला कुलूप काय शिकवतो, असं म्हणून मी निघालो. बाजारात नक्कल होत नाही अशा दोन किल्ल्या होत्या. एक मला, एक भावाला; पुढे बदलायला म्हणून नव्या किल्ल्यांची आणखी एक जोडी वेगळी मिळाली.

मग भावाने मला न सांगता अकोल्यात हमरस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. अकोल्याच्या बाजूची आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली. ते मला अजून पचलेलं नाही. दीड वर्ष आम्ही बोललो नाही, आणि किल्ली त्याच्याकडेच राहिली. तिजोरी उघडताना दर वेळी वाटायचं, यात अजून त्याचा हात आहे.

मुलीचा बारावीचा निकाल लागला. तिची सगळी मूळ कागदपत्रं तिजोरीत ठेवली आणि त्याच दिवशी किल्ली बदलायला घेतली. पाना फिरवला, जुनी काढली, नवी घातली, पाना परत फिरवला. आता दार उघडं ठेवून चालवून पाहणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "उघड्या कुलपात किल्ली फिरवू नका. घरात भांडणं लागतात." रिकामी कात्री वाजवू नये तसंच हे, आईच्या वेळेपासूनचं. एरवी मी असल्या गोष्टींवर ओरडतो. पण भांडण तेव्हा घरात पुरेसं होतं. मी दार लोटलं, दांडा खाली केला. जुनी किल्ली त्याच दिवशी पंपांच्या पितळेबरोबर मोडीत घातली, तीही भाव करून.

शनिवारी सकाळी नवी किल्ली फिरेना. सोमवारी मुलीची अकोल्यात प्रवेशासाठी कागदपत्रांची पडताळणी होती. मी तिजोरीला लाथ घातली, मग कुलपाच्या दुकानदाराला फोन केला.

"पाना टक् वाजेपर्यंत फिरवला होता का?"

टक् मी ऐकलं नव्हतं.

"मंग कुलूप जुन्याच किल्लीचं आहे. ती घाला. नाहीतर भोक पाडायला मिस्त्री येईन, मंगळवारी."

मोडवाल्याकडचं पितळ केव्हाच ट्रकमधून पुढे गेलं होतं. मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने काकाचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"किल्ली हाय का तुयाजवळ?" मी विचारलं.

"हाय."

"घेऊन ये."

"येतो."

दुपारी तो मोटारसायकलवरून आला, पाणीसुद्धा प्यायला नाही. किल्ली घातली, फिरवली, दांडा वर उचलला. दार उघडलं. मी तिथेच पंपाच्या खोक्यावर बसलो. मुलीने फाईल काढून एकेक कागद पाहिला. "सगळे आहेत, बाबा," ती म्हणाली.

भावाला पाना दिसला. "बदलून राहिला होता का? माह्यासाठी?"

"मंग काय चोरासाठी?"

तो हसला. "म्हणून तं म्हटलं होतं, हेच घेऊ."

"मले किल्ली परत काहून नाही दिली?"

"तू मागतली कधी? भांडताना सगळं मागतलं. किल्ली नाही मागतली."

खरं होतं.

मग दोघांनी मिळून किल्ली बदलली. या वेळी टक् वाजलं. दार उघडं ठेवून तो नवी किल्ली फिरवू लागला तशी बायको आतून ओरडली, "अहो, उघड्या कुलपात नका ना!"

"वहिनी, भांडण तं आधीच होऊन गेलं," तो म्हणाला आणि दहा वेळा फिरवली.

दोन नव्या किल्ल्यांपैकी एक मी त्याच्या हातावर ठेवली. "दुकानाचं माफ केलं म्हणून नाही. दुसरी किल्ली घराबाहेर असलेली बरी म्हणून."

"माहीत हाय मले," म्हणत त्याने ती खिशात घातली आणि आता पाणी मागितलं.