मोडलेल्या चुलीची माती

देवावर माझा विश्वास नव्हता, असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. विश्वास आहे की नाही हे तपासायची मला कधी गरजच पडली नव्हती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. कुहीजवळच्या धानाच्या शेतातून उठून नागपुरात आलो, एका खोलीत चौघं राहून बी.एस्सी. झालो आणि पुढे कोराडीच्या वीज केंद्रात, मापनयंत्रांच्या विभागात नोकरीला लागलो. जे मिळवलं ते स्वतःच्या मेहनतीनं, असं मी चारचौघांत सांगत असे. त्याची मला लाज वाटत नसे, आजही फारशी वाटत नाही. पण त्या मेहनतीत दुसऱ्या कुणाचा वाटा होता का, हा प्रश्न मी बरीच वर्षं टाळला. तो टाळता येऊ नये असं जे घडलं, ते घडलं तसं लिहितो.

पाच वर्षांचा असताना मला माता निघाली, म्हणजे देवीचा रोग झाला. अंगभर फोड, आणि दोन्ही डोळे चिकटलेले. आमची माय सांगायची की सात दिवस तिनं मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंबाखाली मातामायचं ठाणं आहे, चार शेंदूर लावलेले दगड. तिला मायनं नवस केला की पोराचे डोळे वाचले तर चांदीचे डोळे वाहीन. डोळे वाचले. सोनाराकडून तिनं चांदीचे दोन डोळे घडवूनही आणले, पण लगेच वाहिले नाहीत. "हे पोरगं शिकून पास होऊन आलं का मंग वाहीन, आत्ताच काय घाई," असं तिनं ठरवलं. देवीशीही ती अशी घरच्यासारखी बोलत असे. ते डोळे आणि तिच्या लग्नातलं सोन्याचं डोरलं, दोन्ही एका छोट्या पितळी डबीत राहत.

मी पदवीचा निकाल घेऊन घरी गेलो त्या दिवशी मायनं डबी काढायला घेतली, आणि डबी नव्हती. वडील गेल्यावर त्याच उन्हाळ्यात आमचं बिऱ्हाड शेतातल्या घरातून गावात आलं होतं. तेव्हा माय हिवतापानं अंथरुणावर होती. सगळं सामान बांधलं ते माझ्या वहिनीनं, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोनं. माय म्हणाली, डबी तिकडच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात होती. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं ते मी.

"वहिनी, कोनाडा कोणी रिकामा केला?"

"मीच केला जी."

"त्यात डबी होती का नव्हती?"

"मले नाही दिसली, भाऊजी."

"दिसली नाही, का ध्यानात नाही?"

मी आणखी चार प्रश्न विचारले, एखाद्या वकिलासारखे, आणि प्रत्येक प्रश्न आधीच्याहून धारदार. नवा पदवीधर होतो, कसं विचारायचं ते मला येत होतं. दादा भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत बसला होता. आम्ही पुन्हा तो विषय काढला नाही, पण गावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. तेव्हापासून वहिनी घरातली पेटी किंवा डबा एकटीनं उघडत नसे. आधी हाक मारायची, "माय, इकडे पाहा, मी पेटी उघडून राहिली." मला वाटायचं, ही तिची सवय आहे. बारा वर्षं मला असंच वाटत राहिलं.

बाराव्या वर्षी दिवाळीनंतर मायला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी दर रविवारी गावी जाऊ लागलो. वहिनी तिला भरवायची, कूस बदलायची, लुगडं बदलायची. माय डाव्या हातानं कधी आपल्या डोळ्यांना स्पर्श करी, कधी माझ्या. वहिनीनं चूल पेटवली की माय फार अस्वस्थ होई, चुलीकडे बोट करून घशातून आवाज काढी. आम्हाला वाटे, भूक लागली. वहिनी घाईघाईनं पेज आणी आणि माय तोंड फिरवी.

एकदा बसथांब्यापर्यंत सोडायला आलेला दादा म्हणाला, "माय अशीच गेली ना गा, तं हिच्यावरचा आळ कधी जाणार नाही. बाकी कोणी म्हणते का नाही, मले घेणंदेणं नाही. पन मायनं एकदा डबी पाहावी, अन् हिच्याकडे पाहावं. बस." बारा वर्षांत दादा या विषयावर पहिल्यांदा बोलला होता.

मी बसमध्ये बसलो आणि ठरवलं की डबी शोधायची, आणि माझ्या विद्येनं शोधायची. केंद्रात माझं काम सूक्ष्म यंत्रांचंच होतं. नागपुरात सदर भागातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून दोन ट्रान्झिस्टर आणि थोडी तांब्याची तार आणली. ताटाएवढं तारेचं वेटोळं करून बांबूच्या टोकाला बसवलं, शेजारी खिशातला रेडिओ बांधला. रेडिओतून एकसारखी बारीक शीळ येई. वेटोळ्याखाली धातू आला की शिळेचा सूर बदले. क्वार्टरच्या अंगणात पुरलेला चमचा त्यानं बरोबर सांगितला, तेव्हा मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मायपेक्षा त्या यंत्राचाच जास्त झाला.

शेतातलं घर तोवर अर्धं पडलं होतं. पहिल्या रविवारी मी स्वयंपाकघराची जमीन वीतवीत तपासली. दुसऱ्या रविवारी भिंती आणि गुरांचा कोठा. यंत्र सारखं वाजत होतं. मी खणत होतो, आणि निघत होतं काय तर खिळे, बैलांच्या खुरांचे नाल, विळ्याचं पातं, कंदिलाचं बूड. दादा बांधावर बसून पाहत असे. "इतकं खणलं, आता धान तरी पेरून टाक," तो म्हणाला. मी हसलो नाही.

तिसऱ्या रविवारी उकिरड्याची जागासुद्धा संपली. दुपारी बॅटरीही उतरली, दुसरी घालावी लागली. शोधायला जागाच उरली नव्हती. पाणी प्यायला विहिरीकडे जाताना वाटेत मातामायचं ठाणं लागलं. त्याच्या बाजूनं मी कितीतरी वर्षं सरळ निघून जात होतो. त्या दिवशी थांबलो. हात जोडले नाहीत, तसं खोटं सांगणार नाही. एवढंच म्हणालो की वस्तू तुझी आहे, तुला पाहिजे असली तर तूच सांग, माझ्यानं होत नाही. "माझ्यानं होत नाही" हे शब्द मी मोठा झाल्यापासून कुणासमोर उच्चारले नव्हते. तोंडातून निघाल्यावर मलाच ते नवीन वाटले.

विहिरीवर बसलो होतो. अर्धा तास झाला असेल. पायवाटेनं एक बाई आली. डोक्यावर गाठोडं, काखेत खोलगट लाकडी पाटी. ती सोनझारी होती. सोनारांच्या दुकानांसमोरची माती आणि भट्टीची राख विकत घ्यायची, पाटीत पाण्यानं धुवायची आणि तळाशी बसलेले सोन्याचे कण वेचायचे, हा त्या लोकांचा धंदा. तिनं पाणी मागितलं. मी दोर सोडून बादली काढून दिली. ती ओंजळीनं पोटभर प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या बांबूकडे पाहिलं.

"काय शोधून राहिला गा बाबू?"

"मायचं डोरलं. हरवलं आहे."

"अन् हे रडून काहून राहिलं?"

"यंत्र आहे, मावशी. धातू असला की आवाज बदलते."

माझ्या खिळ्यांच्या ढिगाकडे पाहून ती दात काढून हसली. "अख्ख्या गावाचं लोखंड सापडलं तुले. एक दुकान टाक." मग तिनं बसकण मारली आणि घराकडे बराच वेळ पाहिलं. "डोरलं ठेवलं कुठं होतं?"

"स्वयंपाकघरात. कोनाड्यात, असं माय म्हणे."

"ठेवलं तिथं सोनं राह्यते का? आमी सोनाराच्या पेटीत नाही पाहात, बाबू. त्याची राख कुठं जाते ते पाह्यतो. घर सोडलं तवा चूल मोडली असन ना? त्या चुलीची माती कुठं टाकली?"

मला माहीत नव्हतं. घर सोडताना चूल तशीच मागे ठेवत नाहीत, मोडून टाकतात, एवढं मी ऐकून होतो. पण ती माती कुठं जाते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हणालो, "उकिरड्यावर गेली असेल. तो मी पाहिला."

"चुलीची माती उकिरड्यावर?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला कॉलेजातले तोंडी परीक्षेचे दिवस आठवले. "घरातल्या बाईले विचार. बाप्या माणसाले हे ठाऊक नसते." गाठोडं डोक्यावर घेऊन ती कुहीच्या बाजाराच्या दिशेनं निघून गेली.

घरातली बाई म्हणजे वहिनी. चूल मोडून घर सोडलं ते तिनंच. वीस मिनिटांची वाट, पण मला ती फार लांब वाटली. बारा वर्षांत मी तिच्याशी पुष्कळ बोललो होतो, विचारलं मात्र काही नव्हतं. ती अंगणात धान पाखडत होती. मी उंबऱ्याजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी, शेतातल्या घरची चूल मोडली, तिची माती कुठं ठेवली होती?"

सूप तिच्या हातातच थांबलं. मग म्हणाली, "मोहाखाली. आपल्या धुऱ्यावरच्या मोठ्या मोहाखाली. चुलीच्या मातीवर पाय पडू नये म्हणून झाडाच्या बुडाशी ठेवतात जी. मीच टोपल्यात भरून नेली."

"चला ना, दाखवा."

"मी नाही येत, भाऊजी. तुमीच पाहा. तिथं काही निघालं अन् मी संगं असली, तं म्हणान का हिनंच ठेवलं होतं."

मी परतलो. दादाला सोबत घेतलं. मोहाच्या बुडाशी बारा पावसाळ्यांनी विरघळलेला मातीचा उंचवटा होता, त्यावर गवत. वेटोळं तिथं नेलं आणि शीळ बदलली. मी खुरपं घातलं. वीतभर खाली अर्धवट भाजलेल्या मातीचं एक ढेकूळ निघालं, आणि त्यात रुतलेली हिरवी पडलेली पितळी डबी. झाकण दगडानं ठोकून उघडावं लागलं. आत डोरलं होतं. काळे पडलेले दोन चांदीचे डोळे होते. दादा मातीतच खाली बसला.

आता कळतं ते एवढंच. घर सोडण्याआधीच्या हिवाळ्यात मळणीला घरात परके मजूर होते, म्हणून मायनं डबी कोनाड्यातून काढून चुलीच्या मागच्या बाजूला बसवली असावी आणि वरून सारवून टाकलं असावं. मग तापात ते तिच्या मनातून पुसलं गेलं. लकव्यानंतर ते परत आठवलं असेल आणि म्हणून ती चुलीकडे बोट करत असेल, की तो योगायोग होता, हे मी सांगू शकत नाही. आम्ही तिला पेज देत राहिलो.

मायला डबी दाखवली. तिनं डाव्या हातानं डोरलं उचललं आणि कितीतरी वेळ वहिनीकडे हात पुढे धरून ठेवला, वहिनी पुढे येईपर्यंत. ते तिच्या तळहातावर ठेवून माय रडली. वहिनी रडली नाही. मी तिच्या पाया पडलो, म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, "तुमी पुसलं, त्याचं मले काही नाही, भाऊजी. वस्तू गेली तं कोणीबी पुसते. पन पुसून झाल्यावर तुमी माह्या तोंडाकडे पायलंच नाही." आणि ती चुलीजवळ गेली, कारण मायच्या पेजेची वेळ झाली होती.

आठ दिवसांनी मायला बैलबंडीत बसवून मातामायकडे नेलं. वहिनीनं तिचा हात धरून ते डोळे शेंदरात दाबून बसवले. त्यानंतर माय दीड महिना होती.

तेराव्याला सगळे सोयरेधायरे जमले. पंगत बसायच्या आधी मी उभा राहिलो आणि सर्वांसमोर सांगितलं की ती डबी मायनंच ठेवली होती, तीच विसरली होती, आणि वहिनीवर आळ घेणारा मी होतो. वहिनीचा भाऊ मांडवाच्या कडेला उभा होता. बारा वर्षं तो आमच्याकडे यायचा, बहिणीला भेटायचा, आणि पाणीसुद्धा न घेता परत जायचा. तो येऊन माझ्या शेजारी पाटावर बसला. थोड्या वेळानं ताट पुढे करून बहिणीला म्हणाला, "वरण वाढ वं, बाई. आणखी थोडं."

ती सोनझारी कोण होती, मी शोधलं. पुढच्या दोन बाजारांना कुहीत फिरलो, ती दिसली नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या, ती पोटभर पाणी प्यायली आणि मला हसली. पण मी हात टेकल्यावर अर्ध्या तासात ती आली आणि मला माझ्या यंत्रापासून उठवून जिथं विचारायला जाणं मी बारा वर्षं टाळलं होतं त्या उंबऱ्याशी पाठवून गेली, एवढं मी सांगू शकतो. मी मागितली होती डबी. ती मिळाली, त्याबद्दल मातामायपुढे डोकं टेकतो. त्याहून जास्त टेकतो ते या गोष्टीसाठी की ती मला परस्पर दिली नाही. वहिनीला विचारल्याशिवाय ती मिळू नये, अशीच जणू व्यवस्था होती. शरण जाणं म्हणजे देवळात जाऊन आडवं पडणं, असं मी समजत असे. माझ्यापुरतं ते एवढंच निघालं, की ज्याच्याशी आपण चुकलो त्याच्या दाराशी उभं राहून, आपल्याला ठाऊक नाही असं कबूल करून विचारायचं, आणि मग तो उत्तर देईपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत थांबायचं.