संघपालच्या नावाशेजारचा फोटो

माझ्या खानावळीत संघपाल तीन वर्षं जेवतोय, पण एक वेळ सोडली तर त्यानं कधी मीठ मागितलं असेल तर शपथ. अळणी वाढलं तरी गुमान खातो. असल्या माणसाचा मला राग येतो. अरे बाबा, तोंड उघड की जरा.

तो लासूर स्टेशनचा. आईबाप दोघंही गेलेले. सिडकोत एका कंपनीत मोबाइलची ॲप बनवतो. डाव्या गालावर पार ओठापर्यंत पांढरं कोड आहे. एकदा एका गिऱ्हाइकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याचं ताट वेगळं ठेवा. वेगळ्या ताटाचं मला शिकवतो व्हय? माझ्या आजीनं ते भोगलंय. मी त्या गिऱ्हाइकाचंच जेवण बंद केलं.

मागच्या वर्षी संघपालकडं आपल्या बौद्ध समाजाच्या एका वधू-वर मंडळाचं ॲप बनवायला आलं. मीच मागं लागले. म्हटलं, लोकांची लग्नं जुळवतोस, तुझंबी नाव टाक की. टाकलं बहाद्दरानं. शिक्षण, पगार, गाव, सगळं. फोटो तेवढा नाय.

आणि काय सांगू, थोड्याच दिवसांत फोन आला. गंगापूरची निशा, दवाखान्यात नर्स. मग रोजच यायला लागला. जेवण झालं की हा मागं नळापाशी बोलत उभा. एकदा तर चक्क हसला. मी भाकरी तव्यावर टाकून बघायला गेले, ती करपली. त्याच आठवड्यात त्यानं पहिल्यांदा मीठ मागितलं. मला लई बरं वाटलं.

मग एक दिवस ताटावर नुसताच बसून राहिला. निशा म्हणाली होती, फोटोत तुमच्या गालावरची खळी छान दिसते. याला कुठली खळी?

मला काही उमगेना, तेव्हा त्यानं माझ्या ताटांकडं बोट दाखवलं.

"सुलेखाताई, तुमच्याकडं माणसं शंभर जेवतात, पण ताटं वीसच. उठला त्याचं ताट विसळून पुढच्याला. ॲपमधल्या यादीचं तसंच. नावं हजार असली तरी पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी बनवायच्या. वर सरकून गेलेली ओळ खाली आणायची आणि तिच्यात पुढचं नाव भरायचं."

पुढच्याचा फोटो असला की तो जुन्यावर बसतो. याचा फोटोच नव्हता, आणि जुना पुसायचं हा विसरलेला. म्हणजे ताट न विसळताच वाढलेलं. निशाच्या मोबाइलवर याच्या नावाशेजारी दुसऱ्याच कुणाचं तोंड राहून गेलं होतं.

मी म्हटलं, गप बस, भेटल्यावर बघू. तर म्हणाला, "ताई, सांगितलं तर ती जाईल. नाय सांगितलं तर ती माझ्याशी बोलतच नाय, त्याच्याशी बोलतीय."

दुसऱ्या दिवशी त्यानं चूक दुरुस्त केली. स्वतःचा फोटोही टाकला, कोडासकट, समोर बघत काढलेला. निशाला फोन करून सगळं सांगितलं आणि पुन्हा एकदा बघा म्हणाला. ती बघते म्हणाली.

त्यानंतर फोन येईना. हा रोज मोबाइल ताटाशेजारी ठेवून जेवायचा. मला असा संताप यायचा, की गंगापूरची एसटी धरावी अन् त्या पोरीला चार शब्द सुनवावेत. तिची तरी काय चूक म्हणा.

परवा फोन वाजला. हा खरकट्या हातानंच नळाकडं पळाला. माझे हात पिठात तसेच राहिले. तो लगेच परत आला.

"काय म्हणाली?"

"त्या खळीवाल्याचं नाव विचारलं."

"आणि तू सांगितलंस?" मला इतकं वाईट वाटलं की आवाजच चढला.

"सांगितलं. चूक शोधतानाच यादीत सापडलं होतं. भला माणूस दिसतो." मग ताटाकडं बघत म्हणाला, "ॲप आता बरोबर चालतंय, ताई. ज्याचं नाव, त्याचंच तोंड दिसतं."

मी न विचारताच त्याला आमटी वाढली. ती अळणी झाली होती, हे मला माझ्या जेवणाच्या वेळी कळलं. त्यानं मीठ मागितलं नाय.