दोन बोटं इकडेतिकडे

नलिनी गेली आणि एका युगाचा अंत झाला. वाक्य माझं नाही. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर अध्यक्षांनी ते स्वहस्ते लिहिलं आणि खाली जागा उरली म्हणून गुरुवारी पाणी येणार नसल्याचंही लिहिलं. तिच्या भाच्याचा फोन मला पहाटेच आला होता. तरी खाली उतरून फळा वाचला तेव्हा आधी हसू आलं आणि मग लक्षात आलं, की हे जिला सांगायचं तीच आता नाही...

नलिनीने नोकरीभर इंजिनांच्या चाचण्या घेतल्या. इंजिन थरथरतं, म्हणून त्याचे आकडेही थरथरतात. त्या गोंधळातून आलेखाची खरी रेघ शोधणं हे तिचं काम. निवृत्तीनंतर लॅपटॉप होता, सॉफ्टवेअर होतं, फक्त इंजिनं संपली होती. ती उणीव आमच्या जमिनीखालच्या टाकीने भरून काढली.

टाकी सकाळी काठोकाठ भरायची आणि दुपारी तळ दिसायचा. तळमजल्यावर सुरेखा डबे करून देते. वर्ध्याची, नवरा गेल्यावर पोळ्या लाटून मुलींना शिकवणारी. संशय तिच्यावर गेला, कारण तिच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज यायचा. डबे बंद करावेत असा ठरावच अध्यक्षांनी पुढच्या सभेसाठी तयार केला. सुरेखा नलिनीकडे आली. "ताई, अख्खी टाकी मी एकटीच पिऊन राहिली का जी?"

नलिनी म्हणाली, "मोजू या."

गुरुवारी नळाला पाणी नसतंच. आदल्या रात्री उशिरा दोन्ही टाक्या, खालची आणि गच्चीवरची, भरून घेतल्या आणि पंप बंद केला. आता खालच्या टाकीत खुणांची काठी बुडवायची आणि पाणी कुठवर आहे ते लिहायचं. नलिनीने हे काम एकाला दिलं नाही. जिन्यात भेटेल त्याच्या हातात काठी दिली. परिणामी प्रत्येकाचा आकडा त्याच्या स्वभावावर गेला. अध्यक्षांचे सगळे पाचाच्या पाढ्यातले. वरच्या मजल्यावरच्या आप्पांचा हात कापतो, त्यांचं पाणी क्षणात वर, क्षणात खाली. मी चष्मा विसरले होते. "अगं, चुकीचे आकडे काढून तरी टाक," मी म्हटलं. "चुकीचे कुठले ते तुला माहीत आहे? मला नाही. राहू देत. पुष्कळ जण चुकले की चुका एकमेकींना खातात."

पंप बंद असूनही पाणी उतरत होतं. आधी भरभर, मग हळूहळू. ते थांबायच्या आत संध्याकाळ झाली आणि लोकांनी ओरडून पंप सुरू करायला लावला.

सभेत अध्यक्षांचे जावई आधी उठले. खराडीला आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी पडद्यावर दाखवलेली रेघ एकूणएक आकड्यातून जात होती, अगदी माझ्यासुद्धा. टाळ्या पडल्या. यातून काहीच सिद्ध होत नाही, तेव्हा ठराव मंजूर करावा, असं अध्यक्ष म्हणाले. नलिनीने चष्मा पुसला. "जावईबापू, तुमच्या रेघेत दुपारच्या जेवणानंतर टाकीत पाणी वाढलेलं दिसतंय. नळ बंद, पंप बंद. कोणी ओतलं हो?"

मग तिने स्वतःची रेघ दाखवली. ती क्वचितच कुठल्या ठिपक्याला शिवत होती. खाली येत होती, वाकत होती, आडवी होत होती. भेग पाण्याखाली असते तोवर पाणी गळतं, पातळी भेगेपर्यंत आली की थांबतं, एवढंच तिचं म्हणणं. ते कुठे थांबलं असतं हे कोणीच पाहिलं नव्हतं. सॉफ्टवेअरने असंख्य रेघा चाचपून, सगळ्या आकड्यांवर मिळून कमीत कमी अन्याय करणारी रेघ निवडली होती. "भेग तळापासून माझ्या कमरेइतकी वर आहे. दोन बोटं इकडेतिकडे."

"म्हणजे नक्की नाही?" अध्यक्ष.

"नक्की आहे. दोन बोटं इकडेतिकडे."

टाकी उपसली. सत्तरी ओलांडलेली ही बाई शिडीने आत उतरली आणि चारी भिंतींवर खडूने आडवी रेघ ओढून बाजूला उभी राहिली. गवंड्याने शेवाळ खरवडायला घेतलं. पहिली भिंत धड, दुसरी धड, तिसरी धड. वर सुरेखा पदराचं टोक चावत उभी होती... चौथ्या भिंतीवर, पाइपामागे, भेग सापडली. खडूच्या रेघेखाली दोन बोटं.

अध्यक्ष वरून डोकावले. "म्हणजे थोडं चुकलंच की."

आतून आवाज घुमला, "तेवढं चुकणार हे मी आधी सांगितलं होतं. तुम्ही तुमचं सांगितलं होतंत?"

अशा टाळ्या आमच्या सोसायटीत ना आधी ऐकल्या ना नंतर. हात देऊन नलिनीला वर काढलं तेव्हा विसर्जन उलटं चालल्यासारखं वाटलं, अंगभर शेवाळासकट. ठराव अध्यक्षांच्या खिशातच राहिला. सुरेखाने साऱ्या इमारतीला शिरा खाऊ घातला. जावईबापूंनी दोनदा घेतला.

शोकसभेत अध्यक्ष नलिनीच्या जीवनाच्या 'तेजोमय आलेखा'बद्दल बोलले. खरा आलेख तिने छापून सुरेखाला दिला होता. सुरेखाच्या हाताखाली आता दोघी जणी आहेत. शेगडीच्या वर, भिंतीला, तो कागद चिकटवलेला आहे. परवा मी पाहून आले. फोडणी उडून त्यावर बरेच नवे ठिपके पडलेत, मोहरीचा एक दाणाही चिकटलाय. नलिनीची रेघ त्यांतल्या एकातूनही जात नाही.