दिवे लागल्यावर दिलेलं विरजण

"पांढरं जातं का? खाज सुटते का?" हे आमच्या बाई खेड्यातल्या भर ओसरीत विचारत, आवाज न उतरवता. समोरची घरधनीण पदर तोंडाला लावी. बाई उत्तराची वाट बघत बसत.

आमच्या लातूरच्या कॉलेजात त्या मायक्रोबायोलॉजी शिकवत. मुली पाठीमागे त्यांना विरजणबाई म्हणत. जिल्हा नवा झाला होता, कचेऱ्यांवर पाट्या नव्या होत्या, नळ मात्र कोरडे. काचसामान धुवायलाही टँकरची वाट बघावी लागे. तरी रविवारी बाई एसटीने उदगीर, जळकोटकडे जात आणि घरोघरचं विरजण डब्यांत मागून आणत. त्यातले जिवाणू वाढवून, बायकांच्या अंगाला खाज आणणाऱ्या बुरशीशेजारी काचेच्या बशीत ठेवत. मुली विचारत, "बाई, कढी कधी?" बाई म्हणत, "बुरशीला विचारून सांगते."

उदगीरच्या एका दह्याभोवती बुरशी वाढलीच नाही. ते पाहून मी चाचरत ताईचं सांगितलं. ती औशाला दिलेली. तिला हाच त्रास होता. सासूने तिचं अंथरूण वेगळं केलं होतं. वाईट रोग आणला म्हणून तिला कायमची माहेरी धाडायचं चाललं होतं. हे दही तिला लावायला देऊ का, असं मी विचारलं.

"काचेत थांबलं म्हणून अंगात थांबेल, असं न्हाई," बाई म्हणाल्या. "बहिणीवर प्रयोग करतेस का? आधी डॉक्टरीणबाई."

त्या रविवारी त्या माझ्याबरोबर औशाला आल्या. वाटेत गाडी बंद पडली आणि पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. बाईंनी सवयीने विरजण मागितलं. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, दिवे लागल्यावर आम्ही दही-विरजण बाहेर देत न्हाई. बाईंनी बरं म्हटलं आणि बसल्या. हा रोग पापाचा नाही, बुरशीचा आहे, पाणी तुटलं की अंग-कपडे स्वच्छ राहत नाहीत आणि तो आणखी सतावतो, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी झालं न्हाई का?"

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "झालं की. लई दिवस होतं. पण सांगावं कुणाला?"

"हिनं तुम्हाला सांगितलं," दाराशी उभ्या ताईकडे बघत बाई म्हणाल्या.

सासूबाई उठल्या आणि आतून डबा घेऊन आल्या. "न्या. लागले दिवे तर लागू द्या. हिला उद्या मीच नेते दवाखान्यात."

औषधाने ताईला आराम पडला. ती औशालाच राहिली. दह्याचं औषध मात्र झालं नाही. काम बशीपुढे सरकायच्या आत बाईंची नांदेडला बदली झाली. स्टँडवर मी त्यांची पिशवी गाडीत चढवली. औशाच्या विरजणाने बुरशीला काहीच केलं नव्हतं, हे बाईंनीच मला सांगितलं होतं. तरी खिडकीशी बसलेल्या बाईंच्या मांडीवर तोच डबा होता.