बाजाराच्या दिवशी न आलेले

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात कोण उपचाराला आलं, कोण टिकलं, कोण मधेच गेलं, याच्या याद्या मी ठेवते. आठवड्यातून एकदा आमची गाडी यवतमाळहून राळेगाव तालुक्यातल्या एका मोठ्या गावी जाते. गाडीत एक डॉक्टर, एक समुपदेशक, गोळ्यांची पेटी आणि मी. तिथला दिवस मीच ठरवला होता, बाजाराचा. आसपासच्या खेड्यांतले लोक त्या दिवशी येतातच, मग दवाखान्यासाठी त्यांना वेगळी खेप कशाला? ही युक्ती सुचल्यावर मी दोन दिवस खुशीत होते.

गेल्या हिवाळ्यात सहामाही तक्ता केला आणि खुशी उतरली. लागोपाठ तीन भेटी चुकल्या की नावापुढे 'उपचार सोडला' लिहायचं, असा आमचा नियम. अर्ध्याहून जास्त नावांपुढे तेच लिहिलेलं. केंद्राचे मोठे डॉक्टर म्हणाले, तिथल्या लोकांना नकोच असेल तर ती भेट बंद करू आणि गाडी मारेगावकडे वळवू. पक्कं पुढच्या बैठकीत ठरणार होतं. 'का सोडला' हा रकाना मात्र अख्खा रिकामा होता, आणि रिकाम्या रकान्यावर सही करणं मला जमत नाही. मी दोन दिवस मागून घेतले.

नावं गावांप्रमाणे लावली, शेजारी एसटीच्या वेळा लिहिल्या आणि निघाले. कापूस वेचणीचे दिवस, घरी कोण सापडणार? पहिले गृहस्थ शेतातच भेटले. पंचेचाळिशीचा माणूस, कमरेला कापसाची ओटी बांधून बायकोच्या शेजारच्या ओळीत वेचत होता. बायको त्याच्या दहा झाडं पुढे होती आणि ते त्याला ऐकवतही होती. माझ्या कागदावर यांनी उपचार सोडलेला. इथे हात स्थिर, डोळे स्वच्छ. शेवटची कधी घेतली, असं विचारलं तर म्हणाले, पोळाही कोरडाच गेला. बायकोने मान हलवून दुजोरा दिला.

मग भेटीला का येत नाही?

"कसे येतीन?" बायकोच बोलली. "बाजाराच्या दिवशी मी याइले गावाबाहेर पडूच देत नाही, मॅडम. मजुरीचे पैसे त्याच दिवशी, दोस्त त्याच दिवशी, अन् दारूचं दुकान रस्त्यावरच. तुमी दवाखानाही काहून त्याच दिवशी ठेवला?"

नवरा ओटीतला कापूस दाबत हळूच म्हणाला, "ज्याले प्यायची हाये, तो बाजाराले येतेच. आला का तुमच्याकडंही डोकावते."

मी बांधावर बसून घेतलं. बाईंनी पाणी दिलं.

दोन दिवसांत यादीतली अकरा घरं केली. दोघं खरंच पुन्हा प्यायला लागले होते आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. बाकीच्यांचं थोड्याफार फरकाने हेच होतं. कोणी बाजाराच्या दिवशी मुद्दाम ओलिताचं काम काढायचा, कोणी सासुरवाडीला जाऊन बसायचा. बाजार टाळणं हाच त्यांचा उपचार चालू होता, आणि मी तो 'सोडला' म्हणून लिहीत होते.

बैठकीत तक्त्याआधी मी माझी चूक वाचली. दिवस मी निवडला आणि न विचारता शिक्काही मीच मारला. मोठे डॉक्टर बराच वेळ हसले. म्हणजे आपण नापास केलेलेच जास्त पास आहेत का, असं त्यांनी विचारलं. सगळे नाहीत, पण बरेच, मी म्हटलं. भेट चालू राहिली, दिवस बदलला.

नव्या दिवशी आमच्या तिथल्या दवाखान्याची ओसरी भरली. ते नवरा-बायकोही आले. बाईंनी आधी माझं रजिस्टर मागितलं आणि नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं.

"खोडा."

मी 'उपचार सोडला' खोडलं, 'चालू आहे' लिहिलं, वाचून दाखवलं.

"आता द्या गोळ्या," त्या म्हणाल्या, "एसटी सुटून राह्यली."