टोकेकर काकूंचा फुटपाथ

टोकेकर काकू माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या, त्या माझीच तक्रार माझ्याकडून टाइप करून घ्यायला. अगदी खरं सांगतो. उज्जैनला फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या रस्त्यावर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरवर कोपर टेकवून त्या म्हणाल्या, "हिंदीत घे. विषय, फुटपाथ चलने लायक नहीं है." मी घेतलं. एक, कचोरीवाल्याची भट्टी. दोन, मोबाइलवाल्याचा बोर्ड आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या मोटरसायकली. तीनवर त्या थांबल्या, मागे सरकून माझी पाटी नीट वाचली आणि म्हणाल्या, "तीन, तुझं झेरॉक्स मशीन. दुकानाचं पूर्ण नाव घाल."

मी हात थांबवला. म्हटलं, "काकू, मशीन आत मावत नाही हो."

"मग तेही लिही. खरं आहे ते लिहायला काय हरकत?"

आता माणसानं यावर चिडावं की हसावं? मी आपलं टाइप केलं. वर दोन कॉप्याही काढून दिल्या, त्याच मशीनवर.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉलच्या जमान्यातल्या. नोकरी सुटून जमाना झाला तरी तोंडातली भाषा तीच. समोरचा बोलता बोलता अडखळला की "बोल, मी लाइनवर आहे." कचोरीवाल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं की माझ्याकडे वळून "पार्टी उत्तर देत नाहीये." तक्रार नोंदवताना मला विचारलं, "ही ऑर्डिनरी लागेल की अर्जंट?" मी सांगितलं, काकू, सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे सगळ्यांना एकच रांग. "अस्सं? मग आपल्याकडून अर्जंट धर," म्हणाल्या.

अर्जंट कशासाठी, ते मला हळूहळू कळलं. काकांना लकव्याचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, नाहीतर पाय जातील. वॉकर आणला. फिजियोथेरपीवाला आमच्याच रस्त्याला, काकूंच्या घरापासून दोनेकशे पावलांवर, आणि माझं दुकान बरोब्बर मध्ये. रिक्षात बसायला काका तयार नव्हते. "एवढ्याशासाठी रिक्षा? मी काय सामान आहे?" आणि फुटपाथवरून जाता येत नाही म्हणून खाली उतरावं, तर यात्रेकरूंनी भरलेल्या ई-रिक्षा, मागून हॉर्न. हॉर्न वाजला की काका जागच्या जागी थिजायचे. शेवटी त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. काकूंना काही अख्खं शहर सुधारायचं नव्हतं. हा एक माणूस पुन्हा आपल्या पायांनी चालताना बघायचा होता, बस.

हेल्पलाइनला मोबाइल नंबर लागतो. काकूंचा फोन जुना डब्बा, त्यात मेसेज उघडायचे नाहीत. "तुझा दे," म्हणाल्या. झालं! तक्रार काकूंची, तक्रार माझ्यावर, आणि हेल्पलाइनचे फोन माझ्याच खिशात. मी आरोपी होतो की काकूंचा मुनीम, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

आमच्याकडे एक कायदा आहे. तक्रार करणारा जोवर "मैं संतुष्ट हूँ" म्हणत नाही, तोवर तक्रार उघडी राहते, आणि उघडी राहिली की खालच्या साहेबाला वरचे साहेब पिळतात. त्यामुळे नगर निगमचे एक तरुण साहेब यायला लागले. पहिल्या दिवशी मला झापलं, "मशीन अंदर लो!" दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की तक्रारीत नंबर माझाच आहे, तेव्हा खांद्यावर हात टाकून म्हणाले, "भैया, आप ही बंद करवा दो ना." मी त्यांना काकूंकडे नेलं. काकूंनी पोहे केले, वर भरपूर शेव घातली. साहेबांनी हात जोडले, "माताजी, बस एक बार संतुष्ट बोल दीजिए, ऊपर से बहुत प्रेशर है."

"बेटा, तुमसे तो मैं पूरी संतुष्ट हूँ. फुटपाथ से नहीं हूँ. शेव और लोगे?"

साहेबांनी शेव घेतली. काय करणार बिचारे.

माझ्याशीही तसंच. एकादशीला डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन यायच्या. "विनायका, मशीन आत घेतलंस?" "नाही काकू." "बरं. खा, गार होतेय." अहो, निदान भांडा तरी! रागावलेल्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं. हे असलं मला झेपत नव्हतं.

मग ती दुपार. साहेब दोन माणसं घेऊन आले आणि सगळ्या दुकानदारांना म्हणाले, "दस मिनट के लिए सब अंदर कर लो, फोटो लेना है." लोकांनी हसत हसत सामान आत ओढलं. भट्टी गल्लीत गेली, मोटरसायकली पलीकडे गेल्या. मीही मशीन आत ढकललं आणि स्वतः स्टुलावर चढून बसलो, कारण पाय ठेवायला जागा उरली नाही. माझ्या दुकानापुढच्या फरश्या पिवळ्या आहेत, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

काकूंनी गॅलरीतून रिकामा फुटपाथ पाहिला. त्यांना वाटलं, झालं काम. पाच मिनिटांत काका इस्त्रीचा शर्ट घालून वॉकरसकट खाली. "तू वरच थांब, मी एकटा जाणार," असं ते काकूंना ओरडून सांगत होते, सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. माझ्या दुकानासमोर आले, थांबले, एक हात वर केला. "शाबास रे विनायका!" मीही हात वर केला. साहेब तर खूशच झाले. "वाह, लाइव फोटो आ गया!" त्यांनी काकांचे चालतानाचे तीन-चार फोटो काढले आणि गेले.

साहेब वळले तशी भट्टी परत आली, बोर्ड आला. माझ्याकडे एक बाई आधार कार्डाची कॉपी काढायला उभी होती. मी मशीन बाहेर ओढलं. काका याच वाटेनं परतणार, हे मला माहीत नव्हतं का? होतं. मग वाटलं काय मला? तोवर आत घेऊ, असं वाटलं असेल. की काही वाटलंच नसेल? देवाशप्पथ, अजून सांगता येत नाही.

काका परत आले तेव्हा माझी रस्त्याकडे पाठ होती. गिऱ्हाईक उभं असताना हाक मारणारा तो माणूस नव्हे. त्यांनी वॉकर हळूच रस्त्यावर उतरवला आणि ई-रिक्षेचा धक्का लागला. आतले यात्रेकरू उतरले, पाणी पाजलं, "बाबा, लगी तो नहीं?" विचारलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं, पण काका पुन्हा उभे राहिले नाहीत. मी त्याच संध्याकाळी टेबल-खुर्ची काढून मशीन आत घेतलं, ते आजतागायत आतच आहे. काकूंना जाऊन सांगितलं. "बरं केलंस," म्हणाल्या. एवढंच. मला राहवेना. म्हटलं, "काकू, एखादी शिवी तरी द्या हो!"

"तुला कशाला शिव्या? तू तर टाइप करून दिलंस."

पुढे महिन्याभरानं लेक त्या दोघांना नागपूरला घेऊन गेली. जायच्या आधी हेल्पलाइनचा फोन माझ्या मोबाइलवर आला. फोटो वर पोचले होते, मोकळा फुटपाथ, त्यावर वॉकर घेऊन चालणारे काका. मी धावतच काकूंकडे गेलो आणि स्पीकर लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "माताजी, क्या आप निराकरण से संतुष्ट हैं?"

मी मान हलवून हलवून काकूंना खुणावत होतो, नाही म्हणा, नाही म्हणा! ही तक्रार कधी एकदा मिटतेय म्हणून इतके महिने तळमळणारा मी.

काकूंनी खाटेवरच्या काकांकडे बघितलं. "हाँ बेटी, संतुष्ट हूँ. लिख लो."

"काकू, अहो काय हे!" मी फोनवर हात धरून ओरडलो.

"ज्यांना चालायचं होतं ते आता चालत नाहीत, विनायका. त्या पोरगेल्या साहेबाला कशाला छळायचं?"

मी हात काढला. मुलगी म्हणत होती, "धन्यवाद माताजी. क्या मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?" हेल्पलाइनवाल्या सगळ्यांनाच हे विचारतात, म्हणायचं म्हणून. काकूंनी मात्र नीट विचार केला.

"हाँ बेटी. इनको उठाके बिठाना पड़ता है, मुझ अकेली से होता नहीं. किसी को भेज सकती हो?"

मी फोन खाटेवर ठेवला आणि काकांच्या काखेत हात घातला.